तुंगनाथाची अर्धी वाट

(श्रावणातील सोमवारच्या निरूपणावरून)

आपल्या मंडळात श्रावणातील एका सोमवारचे निरूपण आमचे तीर्थरूप नाना करीत आले आहेत. या खेपेस त्यांनी ते मजवर सोपविले आणि विषयही नेमून दिला. "तुंगनाथाच्या वाटेवर काय घडले ते सांग," असे ते म्हणाले. "लोक मला विचारतात. पण हट्ट तुझा होता, तेव्हा उत्तरही तूच द्यावेस." माझे शिक्षण शाळेपुरते आणि शास्त्र नानांच्या हाताखाली बसून जेवढे कानांवर पडले तेवढेच. म्हणून मी आज सिद्धांत सांगणार नाही. घडले ते सांगेन, आणि त्यास जी कथा लागू पडते ती सांगेन.

लोक जो प्रश्न विचारतात तो असा. गुरुजी, आपण नर्मदेचे पाणी घेऊन केदारास गेलात आणि अभिषेक न करता परत आलात. मग नवस फिटला की राहिला? काहींनी हे प्रेमाने विचारले. एका गृहस्थांनी देवळाच्या पायरीवर चार माणसांत विचारले, आणि वर असेही म्हणाले की पुजाऱ्याच्याच घरी संकल्प मोडतो, तर आम्ही प्रपंची माणसांनी काय करावे? नाना त्या वेळी काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही, परंतु रात्री मला झोप आली नाही.

नवस आमच्या आईचा होता. दादांची मुलगी दिवस पुरे होण्याआधीच जन्मली, आणि पहिले कित्येक दिवस ती काचेच्या पेटीत होती. आईने त्या दिवसांत ओंकारेश्वरी जाऊन नर्मदेसमोर पदर पसरला की, नात वाचली तर तुझे पाणी केदाराच्या मस्तकी घालीन आणि पोरीला त्याच्या पायांवर घालीन. नात वाचली. आई मात्र २०२१ साली गेली. तेव्हा हा नवस फेडण्याचे आमच्या घरावर जे ओझे होते, ते केवळ देवाचे नव्हते. आईच्या मागे राहिलेले तिचे एवढेच एक काम आहे आणि ते माझ्या हातून व्हावे, ही इच्छा माझ्या मनात किती घट्ट बसली होती, हे मला त्या डोंगरावर कळले.

२०२३ साली मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. नाना, दादा, वहिनी, पाच वर्षांची पुतणी आणि मी. तांब्याच्या गडूत ओंकारेश्वरचे पाणी, तोंडावर लाल कापड आणि वरून मेण. त्या वर्षी केदारनाथाची द्वारे २५ एप्रिलला आणि तुंगनाथाची २६ एप्रिलला उघडली होती. परंतु उन्हाळा हिमालयात आलाच नव्हता. केदारनाथाकडे पुनःपुन्हा बर्फ पडत होते, यात्रेकरूंची नवी नावनोंदणी थांबविली होती, आणि वाटेत अडकलेल्यांना खालीच थांबविण्यात येत होते. भूमध्य समुद्राकडून येणारे जे वादळी पट्टे हिमालयास हिवाळ्यात बर्फ देतात, त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. ते कधी कधी वैशाखातही येऊन धडकतात. आम्ही उखीमठास मुक्काम केला. हिवाळ्यात केदारनाथाची पूजा ज्या ओंकारेश्वराच्या मंदिरात होते, ते तेथेच आहे. गावाकडचा ओंकारेश्वर आणि येथला ओंकारेश्वर असा योग पाहून नाना फार प्रसन्न झाले. ते म्हणाले, "केदार नाही तर नाही. येथेच पाणी घालू."

सज्जनहो, त्या क्षणी ते ऐकले असते तर पुढचे काही घडलेच नसते. पण मी म्हणालो, "नाना, पंचकेदारांपैकी तुंगनाथ जवळच आहे. चोपट्यापर्यंत मोटार जाते. पुढे अवघा साडेतीन किलोमीटर रस्ता, तोही फरसबंद. आईने केदार म्हटले होते, तुंगनाथ केदारच आहे."

पंचकेदारांची कथा आपणांस ठाऊक आहे. युद्धानंतर गोत्रहत्येचा दोष घालविण्यासाठी पांडव शिवाच्या शोधात निघाले, शिवाने वृषभरूप घेतले आणि तो भूमीत शिरू लागला. पाठ केदारनाथी, नाभी मध्यमहेश्वरी, बाहू तुंगनाथी, मुख रुद्रनाथी आणि जटा कल्पेश्वरी प्रकटल्या, असे तिकडे सांगतात. तुंगनाथ ३,६८० मीटर उंचीवर आहे. पाचांतही सर्वांत उंच तोच. चोपटा सुमारे २,७०० मीटरवर. म्हणजे साडेतीन किलोमीटर चालताना माणूस जवळजवळ एक किलोमीटर सरळ वर चढतो. आपले इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे. हे आकडे मी निघण्यापूर्वी वाचले होते, आणि 'अवघा साडेतीन किलोमीटर' एवढेच लक्षात ठेवले होते. माणसाला जे हवे असते तेवढेच तो वाचतो.

दुसऱ्या दिवशी चोपट्यास पोहोचावयास साडेदहा वाजले, कारण उखीमठास मीच पूजा लांबविली होती. ऊन लख्ख पडले होते. बुरांसाची झाडे तांबड्या फुलांनी भरली होती, समोर पांढरी शिखरे. चहावाल्याने सांगितले की सकाळी लवकर जाणारे लोक आता परत येऊ लागले आहेत. दुपारनंतर हवा फिरते, लहान मूल आहे तर उद्या पहाटे निघा. तो आम्हांस मुक्कामास ठेवून चार पैसे मिळवू पाहतो आहे, असे मला वाटले. हा विचार माझ्या मनात आला हे येथे सांगणे मला भाग आहे. उन्हाच्या भरात थर्मास आणि जाड कांबळी मोटारीतच राहिली.

पहिला तास फार सुखाचा गेला. पुतणी आपल्या पायांनी चालली. कडेला जुन्या बर्फाचे थर होते, त्यांत तिने हात घातले, पाय घातले, वहिनी नको नको म्हणत असता बर्फाचा लाडू केला आणि आजोबांच्या हातावर ठेवला. नानांनी तो कपाळास लावला. तिचे मोजे आणि कापडी बूट तेव्हाच भिजले होते. पुढे ती दमली, दादांनी तिला पाठीवर घेतले, वरून शाल गुंडाळली.

वाटेचा निम्म्याहून अधिक भाग संपल्यावर ऊन एकाएकी गेले. दरीतून धुके वर आले आणि त्यातून साबुदाण्यासारखे पांढरे दाणे छत्रीवर ताडताड वाजू लागले. पुतणी हसली. पाच-दहा मिनिटांत दाण्यांचा कापूस झाला, वारा सुटला, आणि पुढची पायरी कोणती व कठडा कोठे हे दिसेनासे झाले. दादा थांबले. म्हणाले, "परत फिरू." मी म्हणालो, "आता एकच किलोमीटर उरला. वर मंदिर आहे, धर्मशाळा आहे. खाली जाण्यापेक्षा वरच जवळ." दादांनी मान हलविली. तेव्हा मी एक वाक्य बोललो. ते येथे उच्चारावयास लाज वाटते, पण नानांनी तेच मुद्दाम सांगावयास बजाविले आहे. मी म्हणालो, "दादा, हीच पांडवांची वाट. महाप्रस्थानात धर्मराजाने मागे वळून पाहिले नाही."

पोर आधी रडत होती. "काका, पाय दुखतात," असे म्हणत होती. नंतर ती रडावयाची थांबली. मला बरे वाटले. म्हटले, झोप लागली. आम्ही आणखी थोडे चढलो. तोच वरून खेचर घेऊन एक मनुष्य उतरत आला. त्याने आम्हां मोठ्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. दादांच्या पाठीवरची शाल बाजूला करून त्याने पोरीच्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, "बाबूजी, बच्ची चुप कब से है?"

कोणासही सांगता येईना.

त्याने खेचर मागे वळविले नाही, आम्हांला वळविले. थोडे खाली वाटेच्या कडेस, ऐन निम्म्या वाटेवर, चहाचे एक छप्पर होते. मालक अद्याप हंगामास वर आला नव्हता. त्या मनुष्याने दाराची दोरी सोडली, कोपऱ्यातल्या फाटक्या-कुटक्या काटक्या काढल्या आणि चूल पेटविली. दादांच्या पाठीवरून पोर उतरविली तेव्हा दादांचा सदरा घामाने भिजलेला होता, आणि ती मात्र थंडगार. मागाहून उखीमठाच्या डॉक्टरांनी हे मला समजावून सांगितले. चालणारा मनुष्य आपल्या श्रमाने उष्णता निर्माण करतो. पाठीवर बसलेले मूल हलत नाही, म्हणून ते गारठते, आणि वाहणाऱ्याला ते कळत नाही, कारण तो स्वतः उबेत असतो. शिवाय लहान अंगाची उष्णता मोठ्या अंगापेक्षा लवकर निघून जाते. सुती कपडा भिजला की अंगास उलट थंडी देतो, लोकर भिजली तरी थोडी ऊब राखते. आणि मूल गप्प झाले, पेंगू लागले, कुडकुडणेही थांबले, तर तो आराम नव्हे; तो सर्वांत मोठा धोका.

मी तिचे पाय जोराने चोळू लागलो. त्या मनुष्याने माझा हात धरून बाजूला सारला. गारठलेले पाय चोळू नयेत, त्याने इजा होते, हेही मला नंतर कळले. वहिनींनी ओले सगळे उतरविले, तिला उघडी आपल्या छातीशी धरली, आणि नानांचे पांघरूण, माझा स्वेटर, त्या मनुष्याची घोंगडी असे वरून लपेटले. त्याने सांगितले, काही गरम गोड पाजा. शुद्धीवर आहे, गिळेल. पाणी कोठे होते? आमची बाटली पोरीने वर येतानाच संपविली होती. छपरात रिकामे डबे होते, तेही गंजलेले. बाहेर बर्फ होते, परंतु ते वितळवावयास एक भांडे तरी हवे.

नानांनी पिशवीतून गडू काढला.

मी म्हणालो, "नाना, ते अभिषेकाचे आहे. आईचे आहे."

सज्जनहो, गंगेची कावड घेऊन रामेश्वरास निघालेल्या एकनाथ महाराजांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवास ते पाणी पाजले, ही कथा आपल्यापैकी कोणास ठाऊक नाही? मी स्वतः नाथषष्ठीला याच सभामंडपात उभा राहून ती सांगितली आहे. आपण वाहवा केली होती. मला ती तोंडपाठ होती, आणि तरीही माझ्यासमोर माझ्या भावाचे मूल गारठून पडले असता माझ्या तोंडून ते शब्द निघाले. त्यानंतर मी ती कथा पुन्हा सांगितलेली नाही. आज केवळ उल्लेख केला.

नानांनी माझ्याकडे पाहिले नाही. जानव्याला अडकविलेल्या किल्लीने मेण खरवडले, कापड सोडले, गडू तसाच निखाऱ्यावर ठेवला, आणि नैवेद्यासाठी आणलेली खडीसाखर त्यात टाकली. पाणी कोमट झाल्यावर वहिनींनी बोटाने, मग पदराच्या टोकाने, मग गडूच्या कडेने, असे थोडे थोडे पाजले. नानांचे ओठ हलत होते. ते रुद्र म्हणत होते. अर्धा तास गेला असेल. पोर थरथर कापू लागली, आणि मग मोठ्याने रडली. तिचे ते रडणे ऐकून दादा बाहेर बर्फात जाऊन उभे राहिले.

वारा थोडा पडल्यावर त्या मनुष्याने तिला स्वतःच्या पाठीशी, घोंगडीच्या आत, अंगाला अंग लावून बांधले आणि आम्हांला मागे ठेवून पुढे उतरला. आम्ही चोपट्यास पोहोचलो तेव्हा ती सकाळच्याच त्या चहावाल्याच्या चुलीजवळ बसून बिस्किट खात होती. त्याने पैसे घेतले ते चहाचे.

आता कथेकडे येऊ. पांडवांच्या हिमालयातील एकाच प्रवासाची आठवण मला त्या वाटेवर झाली, ती महाप्रस्थानाची. परंतु व्यासांनी त्याच पर्वतातील दुसरा एक प्रवास वनपर्वात वर्णिला आहे, आणि माझ्यासारख्याने वाचावयाचा तो हाच होता. अर्जुन अस्त्रांसाठी स्वर्गास गेलेला. त्याची वाट पाहत धर्मराज, भीम, नकुल, सहदेव, द्रौपदी, लोमश ऋषी आणि ब्राह्मण असे तीर्थे करीत गंधमादन पर्वताकडे निघाले. आणि चढ लागण्यापूर्वीच धर्मराज भीमाला काय म्हणतो? तू सहदेव, धौम्य आणि इतर मंडळींना घेऊन मागे फीर. द्रौपदीला सांभाळीत गंगाद्वारी माझी वाट पाहा. मी, नकुल आणि लोमश एवढेच पुढे जाऊ. म्हणजे आपल्या मंडळींत कोणाला चढ झेपणार नाही, याचा विचार त्याने डोंगराच्या पायथ्याशी केला होता. भीमाने ऐकले नाही, द्रौपदीलाही अर्जुनाला पाहावयाची ओढ होती, म्हणून सर्व निघाले. तरी सेवक, स्वयंपाकी आणि रथ त्यांनी कुलिंदांच्या सुबाहू राजाकडे ठेवले.

पुढे वादळ आले. धूळ आणि पाने उडू लागली, अंधार पडला, एकाला दुसरा दिसेना. त्या वेळी हे महारथी काय करतात? बाण सोडीत नाहीत, प्रतिज्ञा करीत नाहीत. भीम द्रौपदीला घेऊन एका झाडाच्या आश्रयास उभा राहतो. धर्मराज आणि धौम्य रानात दडतात. सहदेव अग्निहोत्राचा अग्नी घेऊन डोंगराच्या आडोशास बसतो. गारा पडतात, पाऊस कोसळतो, आणि तो थांबेपर्यंत सर्व जण जेथल्या तेथे थांबतात. मग थोडे अंतर चालल्यावर द्रौपदी कोसळते. नकुल तिला सावरतो. धर्मराज तिला मांडीवर घेतो आणि दोष कोणाला देतो? पर्वताला नाही, दैवाला नाही, आपल्या द्यूताला. ही सुखात वाढलेली राजकन्या माझ्यामुळे या दगडांत पडली, असे तो रडत म्हणतो. त्यानंतर तो भीमाला सरळ विचारतो की, पुढे बर्फाचे अवघड पर्वत आहेत, ही ते कशी चालणार? भीम घटोत्कचाचे स्मरण करतो. तो येतो, मातेला उचलून घेतो, त्याचे सोबती बाकीच्यांना घेतात, आणि अशा रीतीने सर्व जण बदरीच्या आश्रमास पोहोचतात.

विचार करा, कुरुवंशाचा राजा दुसऱ्याच्या खांद्यावर बसून तीर्थास गेला, आणि व्यासांना त्यात काही कमीपणा वाटला नाही. खेचरवाल्याची तुलना मी घटोत्कचाशी करतो ती आदराने. आमच्या कोणत्याही नात्यात नसलेला, आम्ही न बोलावता आलेला, तो त्या दिवशी आमच्या मुलीला घेऊन उतरला.

महाप्रस्थानाचे काय, असे मी नंतर नानांना विचारले. परतीच्या गाडीत, रतलाम गेल्यावर. ते खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "अरे, ते मरावयास निघाले होते. राज्य परीक्षिताला देऊन, अग्नी विसर्जून निघाले होते. आपण परत यावयास निघालो होतो." मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "आणि तेथेही, शेवटी एक कुत्रे सोबत राहिले तर त्याला टाकून धर्मराज स्वर्गाच्या रथात चढला नाही. ते तू का नाही सांगितलेस दादाला?"

आता नवसाविषयी. मी पुजाऱ्याचा मुलगा आहे, म्हणून हजारो वेळा संकल्प ऐकला आहे. आपणही ऐकता, हातात पाणी घेऊन बसता, गुरुजी भराभर म्हणतात, आणि आपले लक्ष पाट नीट मांडला की नाही याकडे असते. त्या संकल्पात देश आणि काळ सांगितल्यावर आपण काय मागतो? सहकुटुंबाचे क्षेम. आणि पूजा कशी करीन म्हणतो? यथाशक्ति, जसे उपचार मिळतील तशी. हे दोन शब्द ज्याने संकल्पात घातले त्याने डोंगर पाहिलेला असावा, असे मला आता वाटते. ज्या कर्माचा हेतू कुटुंबाचे क्षेम, ते करताना कुटुंबातले लहानात लहान माणूस गमवावयाचे, तर तो संकल्प पुरा होत नाही, तो आतूनच फुटतो. शिवाय ज्याने संकल्प सोडला, बंधन त्याला. पाच वर्षांच्या मुलीने कोणताही संकल्प केला नव्हता. तिला वर नेण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? आईने तर तिच्या जिवासाठीच पदर पसरला होता.

याच गावात आपण अहिल्याबाईंचे नाव रोज घेतो. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी राज्य केले, आणि देशभर देवळांचे जीर्णोद्धार केले हे सर्वांस माहीत आहे. परंतु केदारनाथी त्यांच्या नावावर सांगतात ते धर्मशाळा आणि कुंड. मला पूर्वी याचे नवल वाटे. त्या छपरात बसल्यावर वाटले नाही. वाटेवर कोणी तरी थांबणार, कोणाला तरी परतावे लागणार, कोणाचे तरी पाय गारठणार, हे ज्यांना कळते ते लोक वाटेवर छप्पर बांधतात. मालक हजर नसताही ज्याचे दार दोरीने बांधलेले होते, कुलपाने नव्हे, त्या छपराचा धनी कोण हे आम्हांला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आकाश स्वच्छ होते. उखीमठाहून शिखरे अशी दिसत होती की जणू कालचे काही घडलेच नाही. मी नानांना म्हणालो, मी एकटा जाऊन दर्शन घेऊन येतो. ते म्हणाले, "जा हवे तर. पण नवसाच्या नावाने जाऊ नकोस. तो काल झाला." मी गेलो नाही. आम्ही डॉक्टरांकडे बसलो होतो. पोरीच्या दोन बोटांची टोके अद्याप बधिर होती. ती पुढे बरी झाली, परंतु थंडीच्या दिवसांत अजून ती त्या पायाला दोन मोजे घालते.

तेव्हा पायरीवर विचारणाऱ्या गृहस्थांना माझे उत्तर असे आहे. संकल्प आमच्या घरी मोडला नाही. तो मोडण्याच्या बेतात होता, आणि मोडणारा मी होतो. नानांनी तो सावरला. पाणी कोणाच्या मस्तकी घालावयाचे होते आणि ते कोणाच्या ओठी गेले, याचा हिशेब मी देवाशी करून घेईन. आपण त्याची काळजी करू नये. प्रायश्चित्त हवेच असेल तर आज चार माणसांत हे सांगणे, हेच नानांनी मला दिलेले प्रायश्चित्त.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. मंडळातील तीन-चार घरे येत्या वैशाखात मुलांसह केदार-बदरीस जाण्याच्या विचारात आहेत असे कळले. त्यांनी निघण्यापूर्वी वहिनींना अवश्य भेटावे. लोकरीचे मोजे, कानटोपी आणि एक जाड स्वेटर त्यांच्याकडे धुऊन ठेवलेला आहे. पुतणीला तो आता आखूड होतो. चार-पाच वर्षांच्या मुलास बरोबर येईल. थर्मासही न्यावा, मात्र तो मोटारीत ठेवू नये.